प्रायॉन आतड्याचे अस्तर ओलांडते ते नेमके कोणत्या वाटेने?

शेंगाचटणी

नमस्कार. मी सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुढील महिन्यात मला वर्गापुढे प्रायॉन या विषयावर चर्चासत्र सादर करायचे आहे. मेंदूत काय घडते हा भाग मला बऱ्यापैकी समजला आहे. पीआरपी नावाचे प्रथिन आपल्या चेतापेशींवर मुळातच असते, त्याची घडी चुकली की तोच चुकलेला रेणू (म्हणजेच प्रायॉन) शेजारच्या निरोगी रेणूंना आपल्यासारखी घडी घालायला लावतो, आणि या साखळीतून मेंदूला स्पंजासारखी छिद्रे पडतात, इथवर माझी अडचण नाही. (चादर तीच, सूत तेच, फक्त घडी वेगळी, असे मी वर्गात सांगणार आहे. सोलापुरात याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.)

माझी अडचण त्याआधीची आहे. कुरू हा आजार पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांमध्ये मृत नातेवाइकांचे मांस, विशेषतः मेंदू, खाण्याच्या अंत्यविधीतून पसरला. ब्रिटनमधील गाईंना १९८६ मध्ये ओळखला गेलेला बीएसई (‘मॅड काऊ’) हा आजार खाद्यातून, म्हणजे मांस व हाडांच्या भुकटीतून झाला, आणि माणसातील व्हेरियंट सीजेडी (क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या आजाराचा एक प्रकार) हा आजार त्या गाईंपासून आला हे १९९६ मध्ये पुढे आले. तिन्ही उदाहरणांत शिरकाव तोंडावाटे झाला. परंतु आम्हाला पहिल्या वर्षापासून असे शिकवले जाते की खाल्लेले प्रथिन जठरात पेप्सिनने आणि पुढे लहान आतड्यात ट्रिप्सिनसारख्या विकरांनी तुटते आणि शेवटी अमिनो आम्ले किंवा फार तर दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे तेवढे आत शोषले जातात. त्यातही आतड्याच्या अभिस्तरातील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात की त्यांच्या मधल्या फटीतून मोठा रेणू जाऊ शकत नाही. मग सुमारे २०९ अमिनो आम्लांचे एक प्रथिन, तेही एकटे नव्हे तर गुठळीच्या रूपात, अख्खे पलीकडे जाते कसे? त्यासाठी आतड्याला जखम किंवा व्रण असावा लागतो का? आणि पलीकडे गेल्यावर ते रक्तातून मेंदूत जाते की अन्य कोणत्या मार्गाने?

एक घरगुती प्रश्नही जोडते, तो कृपया हसण्यावारी नेऊ नये. माझ्या मामांची खानावळ आहे आणि रविवारी त्यांच्याकडे वजडीला मोठी मागणी असते. मी घरी या विषयाची तयारी करताना त्यांनी ऐकले आणि विचारले, “आतड्यातून आजार शिरतो म्हणतेस, मग जे आतडेच खातात त्यांचे काय?” मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही.

पेशीवाचक

आपला प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे, कारण प्रायॉनांवर लिहिताना बहुतेक लोक “दूषित अन्न खाल्ले आणि आजार मेंदूत पोहोचला” असे एका वाक्यात सांगून मोकळे होतात आणि मधला सगळा प्रवास गाळतात.

प्रथम पचनाविषयी. पीआरपीच्या निरोगी रूपात अल्फा-हेलिक्स म्हणजे मळसूत्री भाग जास्त असतात आणि विकरे त्याला सहज तोडतात. बिघडलेल्या रूपात बीटा-शीट म्हणजे पट्टीसारख्या चपट्या घड्या प्रबळ होतात, आणि असे रेणू एकमेकांना इतके घट्ट चिकटतात की विकराला तोडण्याच्या जागाच सापडत नाहीत. प्रयोगशाळेत प्रोटीनेज-के या अतिशय तिखट विकराने सुद्धा त्याचा टोकाकडचा काही भागच कापला जातो आणि २७ ते ३० किलोडाल्टनचा (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) गाभा शिल्लक राहतो. पचनसंस्थेतील रसांनी पुष्कळसा माल नष्ट होतो हे खरे आहे, पण पुष्कळसा म्हणजे सगळा नव्हे. सर्वाधिक संसर्गक्षम कण साधारण १४ ते २८ रेणूंचे असतात असे आढळले आहे. त्यामुळे गुठळीचा बाहेरचा भाग झिजला तरी उरलेला लहान तुकडा निरुपद्रवी होतोच असे नाही. तोंडावाटे होणारा संसर्ग थेट मेंदूत टोचण्याच्या तुलनेत फारच अकार्यक्षम असतो (हॅमस्टरवरील प्रयोगांत हा फरक सुमारे एक लाख पटीचा निघाला), त्याचे एक कारण हे पचन आहे. पचनाचा पहारा आहे, तो कुचकामी नाही, पण गळका आहे.

आता आपला खरा प्रश्न, म्हणजे अस्तर. येथे एक समजूत सुधारून घ्यावी लागेल. आतड्याचे अस्तर ही सलग भिंत आहे हे खरे, परंतु त्या भिंतीत शरीराने स्वतःहून ठेवलेली दारे आहेत. लहान आतड्याच्या, विशेषतः त्याच्या शेवटच्या म्हणजे इलियमच्या भागात, लसीका ऊतींचे ठिपके असतात. जोहान कोनराड पेयर या स्विस शरीररचनाकाराने १६७७ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना पेयर पॅच म्हणतात. या ठिपक्यांवरच्या अस्तरात एम पेशी नावाच्या मोजक्या पेशी असतात. शेजारच्या शोषक पेशींवर असतो तसा दाट ब्रशासारखा काठ त्यांच्यावर नसतो आणि श्लेष्माचा थरही तेथे पातळ असतो. पेशीच्या तळाशी एक खिसा असतो आणि त्या खिशात प्रतिकारसंस्थेच्या पेशी येऊन बसलेल्या असतात. आतड्याच्या पोकळीत काय काय आले आहे याचे नमुने जसेच्या तसे, न पचवता, खिशातील पेशींच्या हाती सोपवणे हे एम पेशीचे कामच आहे. प्रतिकारसंस्थेला जंतू ओळखायचा असेल तर तो अख्खा दिसला पाहिजे, म्हणून ही सोय.

प्रायॉन याच सोयीचा लाभ घेते. म्हणून व्रण किंवा जखम असण्याची आवश्यकता नाही, अस्तर पूर्ण निरोगी असतानाही हे घडते.

याचा पुरावा दोन पायऱ्यांनी मिळाला. २००१ मध्ये असे दाखवले गेले की काको-२ नावाच्या मानवी आतड्याच्या पेशींचा नुसता थर प्रायॉनांना सहसा पलीकडे जाऊ देत नाही, पण त्याच पेशी बी-लसीकापेशींसोबत (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींसोबत) वाढवून त्यांतील काहींना एम पेशींसारखे रूप आणले की संसर्गक्षमता पलीकडच्या बाजूला पोहोचते. ही पहिली पायरी काचेच्या भांड्यातली होती. २०१२ मध्ये उंदरांवर त्याहून निर्णायक प्रयोग झाला. एम पेशी तयार होण्यासाठी रँकएल नावाचा संदेशरेणू लागतो, तो प्रतिपिंडाने अडवला की काही दिवसांत एम पेशी जवळजवळ नाहीशा होतात. अशा उंदरांना तोंडावाटे प्रायॉन दिले तेव्हा पेयर पॅचमध्ये ते साठले नाही आणि आजारही झाला नाही. तेच प्रायॉन पोटाच्या पोकळीत टोचले तर मात्र एम पेशी नसल्याचा काही फायदा झाला नाही. २०१६ मध्ये याच्या उलट प्रयोग झाला: एम पेशींची संख्या कृत्रिमरीत्या वाढवली, तर तोंडावाटे होणाऱ्या संसर्गाची शक्यता सुमारे दहा पटींनी वाढली. चर्चासत्रात या दोन प्रयोगांचे चित्र शेजारी शेजारी ठेवावे, असे मी सुचवेन. दार बंद केले तर काय होते आणि दारे वाढवली तर काय होते, हे दोन्ही त्यात दिसते.

एम पेशीवर प्रायॉनाला कोण पकडते, हा पुढचा प्रश्न कोणीतरी विचारेलच. एम पेशीच्या पृष्ठभागावर निरोगी पीआरपी स्वतः असते, आणि गंमत अशी की ब्रुसेला अबॉर्टस हा जिवाणू त्याच पीआरपीला धरून एम पेशीत शिरतो, असे २०१२ मध्ये दाखवले गेले. जिवाणूच्या अंगावरचे एचएसपी-६० हे प्रथिन त्या कामी येते. पशुवैद्यकातील कोणी हे वाचत असेल तर त्यांनी यावर लिहावे.

दावणीजवळचा

पेशीवाचक यांनी पशुवैद्यकाला हाक मारलीच आहे, म्हणून लिहितो. मी मंगळवेढा परिसरात गुरांचा डॉक्टर म्हणून पंधरा वर्षे काम करतो. ब्रुसेलोसिस, म्हणजे आमच्या भाषेत सांसर्गिक गर्भपात, हा आमच्या रोजच्या कामातला आजार आहे. त्या जिवाणूचे आणि प्रायॉनाचे दार एकच निघावे, हे मला प्रथम वाचले तेव्हा विलक्षण वाटले होते.

तथापि, पेशीवाचक यांनी एम पेशींवर जो भर दिला आहे त्यात मला थोडी भर घालायची आहे, आणि काही अंशी मतभेदही नोंदवायचा आहे. त्यांचे निर्णायक प्रयोग उंदरांवरचे आहेत. मेंढीत, जी स्क्रॅपी या प्रायॉनाच्या आजाराची मूळ यजमान आहे, चित्र तितके सरळ नाही. २००६ मध्ये स्क्रॅपी होऊ शकणाऱ्या आणि न होऊ शकणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या मेंढ्यांच्या इलियमचा एक वेढा शस्त्रक्रियेने बाजूला घेऊन त्यात स्क्रॅपीग्रस्त मेंदूचा अर्क भरण्यात आला. काही मिनिटांपासून काही तासांच्या आत दूषित प्रथिन अस्तरापलीकडे दिसले, परंतु ते पेयर पॅचवरच्या अस्तरातून नव्हे, तर नेहमीच्या बोटांसारख्या उंचवट्यांतून, म्हणजे व्हिलायमधून गेले होते आणि त्यांच्या मध्यभागी असणाऱ्या लसीकावाहिनीत उतरले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे दोन्ही प्रकारच्या मेंढ्यांत सारखेच घडले. याचा अर्थ असा की जनुकीयदृष्ट्या प्रतिकारक्षम मेंढीचे आतडे प्रायॉनाला अडवत नाही. प्रायॉन तिच्याही आत जाते, पण पेयर पॅचमध्ये त्याचे बस्तान बसत नाही. महिनाभरानंतर पॅचमध्ये साठा दिसला तो केवळ संवेदनशील मेंढ्यांत. म्हणून अस्तर ओलांडणे आणि संसर्ग होणे या दोन घटना वेगळ्या मानल्या पाहिजेत, असे माझे मत आहे. चर्चासत्रात बहुतेक विद्यार्थी त्या एकच मानतात.

साधी शोषक पेशी अख्खे प्रथिन आत घेईल यावर विश्वास बसत नसेल तर गोठ्यात या. वासरू जन्मल्यावर पहिल्या काही तासांत त्याला चीक पाजा, चोवीस तास उलटू देऊ नका, असे आम्ही प्रत्येक शेतकऱ्याला बजावतो. कारण गाई-म्हशीच्या गर्भाला आईच्या रक्तातून प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती सगळी चिकातून येतात आणि वासराच्या आतड्याची साधी पेशी ती अख्खी गिळून रक्तात सोडते. साधारण एका दिवसानंतर ही वाट मिटते, मग कितीही चीक पाजला तरी तो केवळ अन्न ठरतो. एक प्रतिपिंड सुमारे दीडशे किलोडाल्टनचे असते, म्हणजे पीआरपीच्या एका रेणूच्या कितीतरी पट मोठे. दूध पिणाऱ्या उंदरांच्या पिलांतही प्रायॉन साध्या पेशींतून अधिक प्रमाणात आत घेतले जाते आणि दूध तुटल्यावर ते प्रमाण घटते, असे आढळले आहे.

प्रौढ आतड्यातही ही वाट पूर्ण बुजत नाही. त्यासाठी दोन वाहक सुचवले गेले आहेत. पहिला म्हणजे लॅमिनिन रिसेप्टर, जो शोषक पेशीच्या ब्रशासारख्या काठावर असतो आणि बैलवर्गातील पीआरपीला पेशीत ओढून घेतो. दुसरा वाहक मला अधिक पटतो, कारण त्याचा संबंध थेट ताटाशी आहे. तो म्हणजे फेरिटिन, लोह साठवणारे प्रथिन, जे मांसात भरपूर असते. २००४ मध्ये सीजेडी झालेल्या मेंदूचा अर्क पाचक विकरांतून काढून काको-२ पेशींच्या थरावर ठेवला गेला, तेव्हा उरलेले प्रायॉन फेरिटिनला चिकटून त्याच्यासोबत पलीकडे गेले. कीर्तनाला निघालेल्या मंडळींसोबत खिसेकापू बसमध्ये चढावा, तसे हे आहे.

मातीचाही उल्लेख केला पाहिजे. मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीतील खनिजाला प्रायॉन घट्ट चिकटते आणि तसे चिकटलेले असताना तोंडावाटे त्याची संसर्गक्षमता कमी होण्याऐवजी काही पटींपासून काहीशे पटींपर्यंत वाढते. आपल्या सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत, जिच्यावर मालदांडी ज्वारी पिकते, याच गटाची खनिजे मुख्य असतात. येथे प्रायॉन आहे असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु अमेरिकेत १९६७ मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत प्रथम दिसलेला, प्रायॉनामुळेच होणारा क्षयकारी आजार चराऊ रानांतून इतका चिवटपणे का पसरतो, हे यावरून समजते, कारण चरणारे जनावर गवतासोबत माती खातेच.

शेंगाचटणी

दोघांचेही मनापासून आभार. चिकाचे उदाहरण मी नक्की वापरणार आहे. आमच्या वर्गात निम्मी मुले शेतकरी घरांतील आहेत.

दावणीजवळचा सर, आपल्या म्हणण्याप्रमाणे अस्तर ओलांडणे ही अर्धीच गोष्ट असेल, तर उरलेली अर्धी, म्हणजे अस्तरापलीकडे “बस्तान बसणे”, नेमके कुठे आणि कशामुळे होते? प्रतिकारसंस्था त्याला परके समजून मारत का नाही? आणि रक्ताचा की चेतांचा मार्ग, हा माझा तिसरा प्रश्न अजून शिल्लक आहे. शिवाय वजडीही.

विकृतिशास्त्राचा विद्यार्थी

नाव विद्यार्थ्याचे घेतले असले तरी मी वैद्यकीय महाविद्यालयात अनेक वर्षे विकृतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे आणि सध्या सोलापुरातच असतो. वरील दोन्ही उत्तरांत मला विरोध दिसत नाही. उंदरात जी वाट अनिवार्य ठरली ती मेंढीत एकमेव नसेल. प्राण्यागणिक, वयागणिक आणि मात्रेगणिक या वाटांचे प्रमाण बदलत असावे, इतकेच त्यातून निघते.

अस्तराखाली प्रथम भेटतात त्या डेंड्रायटिक पेशी, म्हणजे नमुने उचलून लसीकाग्रंथींकडे नेणाऱ्या फिरत्या पेशी. जंतू असता तर त्यांनी तो तोडून त्याचे तुकडे प्रदर्शनास मांडले असते. प्रायॉन त्यांना पुरते तुटत नाही, आणि ज्या प्रथिनाला शरीर जन्मापासून आपले समजते त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडेही तयार होत नाहीत, कारण अमिनो आम्लांचा क्रम तोच असतो, बदललेली असते ती केवळ घडी. म्हणून प्रायॉनाच्या आजारात ताप येत नाही, दाह दिसत नाही आणि नेहमीच्या अर्थाने प्रतिकाराची प्रतिक्रियाही उमटत नाही. उलट पहारेकरीच त्याला खांद्यावरून आत नेतात. उंदरांमधून या फिरत्या पेशी तात्पुरत्या काढून टाकल्या तर तोंडावाटे दिलेल्या प्रायॉनाचा पुढचा प्रवास मंदावतो.

बस्तान बसते ते पेयर पॅचच्या गाठींमधील फॉलिक्युलर डेंड्रायटिक पेशींवर. नावात साम्य असले तरी या वेगळ्या पेशी आहेत. त्या जागेवरून हलत नाहीत. प्रतिजने आणि प्रतिपिंडांचे गुच्छ महिनोन् महिने आपल्या फांद्यांवर अडकवून ठेवणे, जेणेकरून बी-लसीकापेशींना ती पुन्हा पुन्हा पाहता यावीत, हे त्यांचे काम आहे. त्यासाठी त्यांच्यावर पूरक प्रथिनांना (रक्तातील, जंतूंना चिकटणाऱ्या प्रतिकार-प्रथिनांना) पकडणारे ग्राहक असतात, आणि त्यांच्यावर निरोगी पीआरपीही विपुल असते. अडकवण्याची सोय आणि घडी बदलण्यासाठी कच्चा माल, दोन्ही एकाच जागी, असा हा योग आहे. प्रायॉन तेथे वाढते. या पेशी आधीच तात्पुरत्या निकामी केलेल्या उंदरांना तोंडावाटे दिलेल्या प्रायॉनाने आजार झाला नाही, पण संसर्ग आतड्याच्या चेतांपर्यंत गेल्यावर तोच उपाय केला तर तो फारसा उपयोगी पडला नाही. तात्पर्य, अस्तर ओलांडल्यानंतरचा काही आठवड्यांचा काळ निर्णायक असतो.

आता तिसरा प्रश्न. मुख्य मार्ग चेतांचा आहे. आतड्याच्या भिंतीत स्वतःचे चेताजाल असते. त्या जाळ्यापर्यंत पोहोचलेले प्रायॉन दोन दिशांनी चढते. स्प्लँक्निक या अनुकंपी चेतांतून ते मेरुरज्जूच्या वक्षभागात जाते आणि व्हेगस चेतेतून, मेरुरज्जूला वळसा घालून, थेट मस्तिष्कपुच्छातील (मेंदूच्या तळाच्या, मेरुरज्जूला जोडणाऱ्या भागातील) व्हेगसच्या केंद्रकात पोहोचते. हॅमस्टरांना तोंडावाटे प्रायॉन देऊन ठरावीक दिवसांनी कापलेल्या छेदांत ही दोन्ही स्थळे मेंदूच्या इतर भागांच्या आधी रंगलेली दिसली. प्रायॉन रक्तातूनही फिरते. ब्रिटनमध्ये रक्त घेतलेल्या काही रुग्णांना व्हेरियंट सीजेडी झाला हे त्याचे दुःखद प्रमाण आहे, परंतु आतड्यातून मेंदूकडे जाण्याचा राजमार्ग चेतांचाच मानला जातो.

मानवी वैद्यकातील एक निरीक्षण येथे नोंदवावेसे वाटते, कारण ते मला आजही खटकत राहते. नेहमीच्या, आपोआप उद्भवणाऱ्या सीजेडीत मृत्यूचे मध्यम वय ६८ आहे. व्हेरियंट सीजेडीत ते २८ आहे. बीएसईचे दूषित मांस तर सर्व वयांच्या लोकांनी खाल्ले होते, मग तरुणच का बळी पडले? आहाराच्या सवयी हे एक कारण असू शकेल. पण पेयर पॅचची संख्या किशोरवयात आणि ऐन तारुण्यात सर्वाधिक असते आणि पुढे घटत जाते, हेही शवविच्छेदनातून जुनेच ठाऊक आहे. म्हाताऱ्या उंदरांत एम पेशी उणावतात, फॉलिक्युलर डेंड्रायटिक पेशीही शिथिल होतात, आणि त्यांना तोंडावाटे प्रायॉन दिले तर आजार सहसा दिसत नाही. माणसातील वयाचा हा प्रश्न आतड्याच्या दारांनीच सुटतो असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, मात्र माझा कल त्या बाजूला आहे.

जखमेविषयी आपण विचारले होते. ती आवश्यक नाही हे वर आलेच. तरीही आतड्याचा दाह संसर्गाला हातभार लावतो. साल्मोनेलामुळे आतड्याला सूज आलेल्या उंदरांना प्रायॉनाचा आजार अधिक प्रमाणात झाला, कारण सुजलेल्या ऊतीत पीआरपी वाढते आणि वाहून नेणाऱ्या पेशींची गर्दीही होते.

ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या ३२,४४१ अपेंडिक्सची तपासणी झाली, तेव्हा १६ नमुन्यांत बिघडलेले पीआरपी सापडले, म्हणजे साधारण दोन हजारांत एक. प्रत्यक्ष व्हेरियंट सीजेडीचे रुग्ण त्या देशात १७८ झाले. अपेंडिक्सही आतड्याचीच लसीका ऊती आहे. म्हणजे दार ओलांडलेल्यांची संख्या आणि आजारी पडलेल्यांची संख्या यांत केवढी दरी आहे ते पाहा. दावणीजवळचा यांनी मेंढीविषयी जे म्हटले, तेच माणसातही खरे ठरत असावे.

दावणीजवळचा

सरांनी वजडी माझ्यासाठी ठेवलेली दिसते.

मामांना असे सांगा. त्यांचा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. बीएसईची बाधा तोंडावाटे झालेल्या वासरांत संसर्गक्षमता प्रथम सापडली ती इलियमच्या शेवटच्या भागातच, बाधेनंतर सहा महिन्यांनी, मेंदूत काहीही दिसण्याच्या कितीतरी आधी. म्हणूनच युरोपात मेंदू, मेरुरज्जू आणि टॉन्सिलसोबत गुरांची आतडीही अन्नसाखळीतून बाहेर काढण्यात आली. शिजवल्याने प्रायॉन मरते, असेही मामांना सांगू नका. घरच्या प्रेशर कुकरमध्ये तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जाते, आणि शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी १३४ अंशांवर १८ मिनिटे किंवा तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड लागते. वजडी कितीही तास रटरटली तरी तेवढे होत नाही.

पण वजडी शेळी-मेंढीची असते. मेंढीचा स्क्रॅपी अठराव्या शतकापासून युरोपात ठाऊक आहे, एवढ्या काळात तो मेंढीचे मांस खाल्ल्याने माणसाला झाल्याचा पुरावा मिळालेला नाही. भारतात हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत त्याची नोंद १९६१ मध्ये झाली होती. आपल्याकडच्या दख्खनी मेंढ्यांत मी तो कधी पाहिलेला नाही. भिंतीला अंग घासणारी मेंढी घेऊन सांगोल्याकडचे धनगर बांधव येतात, पण ती खरूज किंवा गोचीड निघते. बीएसई भारतात आजवर नोंदला गेलेला नाही, आणि त्याचे एक कारण दावणीत आहे: आपल्या पंढरपुरी म्हशीला कडबा आणि सरकी पेंड मिळते, दुसऱ्या म्हशीची हाडे नव्हेत. ब्रिटनमध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना अशी भुकटी घालण्यावर १९८८ मध्ये बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता.

मामांना वजडीविषयी खरी काळजी घ्यायचीच असेल तर ती साल्मोनेला आणि जंताच्या अंड्यांची घ्यावी, आणि धुण्याचे पाणी दोनदा नव्हे, चारदा बदलावे.

शेंगाचटणी

मामांना वाचून दाखवले. ते म्हणाले, पाणी ते पाच वेळा बदलतात आणि शेवटच्या पाण्यात हळद-मीठ घालतात.

चर्चासत्रासाठी मी रचना बदलली आहे. “अस्तर ओलांडणे” आणि “बस्तान बसणे” असे दोन भाग केले असून प्रतिकारक्षम मेंढी आणि अपेंडिक्सचे आकडे दुसऱ्या भागात ठेवले आहेत. एकच शंका उरली आहे. एम पेशी नसलेल्या उंदरांत व्हिलायच्या वाटेने प्रायॉन आत गेले असेलच, मग त्यांना आजार का झाला नाही?

पेशीवाचक

ही शंका परीक्षकाला शोभणारी आहे. माझे उत्तर असे: व्हिलायमधून गेलेले प्रायॉन लसीकेत उतरते आणि विखुरते, त्याला वाढीसाठी लागणाऱ्या फॉलिक्युलर डेंड्रायटिक पेशींपर्यंत पुरेशा मात्रेत ते पोहोचत नसावे. एम पेशी मात्र नेमकी त्या पेशींच्या डोक्यावरच बसलेली असते, जेमतेम काही पेशींच्या अंतरावर. उंदरांतील प्रयोगांत सुरुवातीची बाधा लहान आतड्याच्या पेयर पॅचमध्ये व्हावी लागते, मोठ्या आतड्यातील तशाच ऊती नंतर बाधित होतात, हेही याला जुळते. मेंढीच्या इलियममधील पेयर पॅच सलग आणि खूप लांब असतो, तेव्हा तिच्यात लसीकेतून फिरून आलेला माल पुन्हा तेथे पडण्याची शक्यता अधिक असू शकेल, परंतु हे माझे अनुमान आहे आणि चर्चासत्रात ते अनुमान म्हणूनच सांगावे.